चार वायरी

देसांकाबाईंनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, तेवढ्यात तिहोमिर मास्तरांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

“तुम्ही बसा. ही बाईमाणसाची कामं नव्हेत.”

मास्तर त्याच इमारतीतले, चौथ्या मजल्यावरचे. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, विधुर. गेले दोन महिने संध्याकाळी खालच्या बाकावर ते बाईंशेजारी बसत होते. आज रविवारी सकाळी पहिल्यांदाच बाईंच्या घरी आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, कॉफीचं पुडकं घेऊन. बाईंच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. मास्तर त्यांना चांगले वाटत होते. पण बाकावर सगळेच चांगले वाटतात. “आता माणूस घरात घेऊन पस्तावायला माझ्याकडे वर्षं उरली नाहीत,” असं त्यांनी कालच फोनवर बहिणीला सांगितलं होतं.

विजेच्या शेगडीची मोठी तबकडी आदल्या दिवसापासून गार पडली होती. बाकीच्या तिन्ही नीट चालत होत्या. बाई स्टुलावर बसल्या आणि बघत राहिल्या.

मास्तरांनी बटण सहावर फिरवलं. तबकडीवर तळहात धरून डोळे मिटले, डॉक्टर नाडी बघतो तसे.

“व्होल्टेज कमी येतंय.”

“फ्यूज काढून ठेवलाय मी. माझ्या एप्रनच्या खिशात आहे.”

“हो, तेच बघत होतो. काढलाय ना, ते.”

मग त्यांनी शेगडीचे स्क्रू काढले. दोन काढले असते तर पुरलं असतं, त्यांनी पाच काढले. शेगडीखालच्या ओव्हनच्या दाराचा दांडा त्यांच्या पायावर पडला. त्यांनी ओठ आवळले, पण आवाज केला नाही. बाईंनी हसू दाबलं. वरचा पत्रा उचलून मास्तर आत डोकावले.

“कंडेन्सर गेला.”

“कुठला तो?”

मास्तरांनी चिनी मातीच्या एका तुकड्याकडे बोट दाखवलं. त्याला फक्त वायरी जोडलेल्या होत्या. बाईंनी मान हलवली.

“या वायरींमुळे नीट दिसत नाही,” असं म्हणून मास्तरांनी तबकडीच्या चारही वायरी एकेक करून उपटल्या. चौथी हातात आली आणि ते थांबले. चारही वायरी सारख्याच रंगाच्या होत्या, धुराने काळवंडलेल्या. कुठली कुठून निघाली, हे आता देवालाच ठाऊक.

मास्तरांनी एक वायर ती जोडायच्या एका खिळीपाशी नेली, मग दुसऱ्या खिळीपाशी. कानामागून घाम ओघळला. आता मास्तर ती वायर कुठेतरी खुपसणार आणि “झालं” म्हणणार, बाईंना वाटलं. वाईट वाटलं त्यांना. बाकावरचे दोन महिने चांगले गेले होते.

मास्तरांनी वायर खाली ठेवली. स्क्रू ड्रायव्हर ठेवला. वळले. मान कॉलरपर्यंत लाल झाली होती.

“देसांकाबाई, मला यातलं काही येत नाही.”

बाई स्टुलावरून उठल्या.

“नद्या विचारा, डोंगर विचारा. घरातला दिवासुद्धा आमची हीच बदलायची. तुमच्यासमोर उगाच ऐट केली. होतं त्यापेक्षा बिघडवून ठेवलं. मी कुणीतरी मिस्त्री शोधून आणतो.”

“सरका जरा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला आणि चारही वायरींची टोकं खिडकीच्या उजेडात धरली. एकीचं टोक जळून कोळसा झालं होतं. त्यांनी ते पकडीने तोडलं, केळं सोलावं इतक्या सहज वायर सोलली, ड्रॉवरमधून धातूचं नवं टोक काढून दाबून बसवलं. मग चारही वायरी एकामागून एक आपापल्या खिळीवर चढवल्या. शेवटच्या दोन चढवताना तर त्या मास्तरांकडेच बघत होत्या.

“हे कुठे शिकलात?”

“शेगड्यांच्या कारखान्यात. सव्वीस वर्षं. दिवसाला दीडशे तबकड्या जोडायचे मी.”

मास्तर धपकन स्टुलावर बसले. “मग आधी का नाही बोललात?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

त्यांनी पत्रा बसवला, दांडा लावला, फ्यूज बसवून आल्या आणि बटण फिरवलं. थोड्या वेळाने बोट ओलं करून तबकडीवर एक थेंब उडवला. थेंब चुर्रर करत तबकडीभर नाचला आणि नाहीसा झाला.

“व्लास्तिमिर फार प्रेमळ होते हो,” बाई म्हणाल्या. नवऱ्याबद्दल त्या मास्तरांशी पहिल्यांदाच बोलत होत्या. “पण त्यांना सगळं यायचं. दोन टीव्ही गेले, एक पंप गेला, गाडीचं इंजिन गेलं. मी शेजारी पक्कड घेऊन उभी. चाळीस वर्षांत ‘मला येत नाही’ हे वाक्य या घरात कुणी बोललं नाही.”

मास्तरांना हसावं की माफी मागावी ते कळेना.

बाईंनी गॅलरीतून ढोबळ्या मिरच्यांची टोपली आणली. खिमा-भाताचं पातेलं मास्तरांपुढे सरकवलं.

“मिरच्या भरता येतात?”

मास्तरांनी टोपलीकडे पाहिलं. या वेळी मान लाल झाली नाही.

“नाही,” ते म्हणाले.

“मग हात धुऊन या,” बाई म्हणाल्या आणि खुंटीवरचा दुसरा एप्रन काढला.