मागावरची पिवळी गाडी

"बाबा आले!" ऑगस्टा खिडकीतून अर्धीअधिक बाहेर वाकून ओरडली. "ती बघा, उतारावर! पिवळी गाडी!"

गिल्बर्ट फेनने मागे पाहिलं. धुळीचा लोट, आणि त्यात जीव खाऊन धावणारे घोडे. लँकेस्टरच्या सराईसमोर त्यांचे स्वतःचे घोडे आत्ता कुठे बदलून झाले होते. त्याच्या हातातला चहाही संपला नव्हता.

"तुझे बाबाच कशावरून?"

"सकाळच्या प्रहरी एवढं बेफाम दुसरं कोण हाकणार? लग्न मोडायला निघालेला बापच!" ती खदखदून हसली. "टाका तो चहा! चहापायी माझा नवरा जायचा हातचा."

गाडी उधळली. स्कॉटलंडची हद्द अजून पंचाहत्तर मैल होती. ती ओलांडली की ग्रेटनाच्या लोहारापुढे उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे, की लग्न लागलं. बापाची परवानगी नको, काही नको. म्हणून तर घरातून पळालेली इंग्लंडची निम्मी प्रेमं याच रस्त्याने धावतात.

गिल्बर्टला मात्र ग्रेटनाला जायचंच नव्हतं. त्याला पेनरिथपर्यंतच जायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर ऑगस्टाच्या भावाने, हेन्री पेंबरीने, गिल्बर्टच्या बहिणीला पळवून आणलं होतं. पेनरिथच्या सराईत "घोड्यांचं बघून येतो" म्हणून तो उठला तो गेलाच. फीबी घरी परतली, पण त्यानंतर तिला कुणी नाचाला बोलावलं नाही की चहाला. गिल्बर्ट जाब विचारायला गेला, तेव्हा कर्नल पेंबरीने त्याला दारातूनच हाकललं. "बहीण सांभाळता आली नाही, आणि आमच्या दारात तमाशा?"

हे शब्द गिल्बर्टने तीन वर्षं उराशी जपले. मग वेगळ्याच गावच्या एका मेजवानीत त्याने ऑगस्टाला गाठलं; घरच्यांनी तिला फीबीच्या प्रकरणाचा वाराही लागू दिला नव्हता. आज पहाटे निघताना त्याने बहिणीच्या शिवणाच्या डब्यात चिठ्ठी ठेवली होती: 'फीबी, तुला जिथे रडवलं, तिथेच आज पेंबऱ्यांची मुलगी रडेल.' फीबी शिवायला बसायची ती दुपारी. तोवर काम फत्ते झालेलं असणार होतं.

फक्त एक घोळ झाला होता. पेंबऱ्यांची ही मुलगी गप्पच बसत नव्हती. शॅपच्या चढावर घोडे दमले तशी ती खाली उतरली, गाऊन वर खोचून चिखलातून चालू लागली, आणि गाडीवानाला म्हणाली, "तुमचे घोडे आमच्या पाद्रीबुवांसारखे दिसतात. चढ आला की देवाची आठवण!" गाडीवान हसून हसून लाल झाला. गिल्बर्टही हसला, आणि मग स्वतःवरच चिडला.

दुपारी पेनरिथ आलं. तीच सराई. ऑगस्टाने पावावर मटणाचा जाडजूड तुकडा ठेवला आणि त्यातला निम्मा त्याच्यापुढे सरकवला. "खा हो. लग्नात चक्कर येऊन पडलात, तर लोहार मला दुसरा कुणी शोधायला सांगेल."

गिल्बर्ट उठला. "घोड्यांचं बघून येतो."

मागच्या तबेल्यात त्याच्यासाठी एक घोडा खोगीर घालून तयार होता. त्याने रिकिबीत पाय ठेवला. तेवढ्यात कमानीखालून पिवळी गाडी खडखडत अंगणात शिरली.

याहून सुंदर सूड मागूनही मिळाला नसता. बाप आत जाणार आणि सोडून दिलेली लेक त्याला डोळ्यांनी दिसणार. गिल्बर्टने फक्त टाच मारायची होती.

त्याच्या मनात मात्र एकच आलं: हा माणूस तिला घेऊन जाईल!

तो धावत सुटला. मागच्या दाराने आत शिरला, ऑगस्टाचा हात धरला आणि तिला पावासकट उचलून गाडीत घातलं. "हाक!" तो किंचाळला. मागून कुणीतरी त्याच्या नावाने हाका मारत होतं. त्याने वळूनही पाहिलं नाही.

कार्लाइलच्या अलीकडे त्याने तिला सगळं सांगितलं. फीबीचं, चिठ्ठीचं, खोगीर घातलेल्या घोड्याचं. "गाडी थांबवू? तू म्हणशील तर तुला बाबांच्या हवाली करतो."

ऑगस्टा पांढरी पडली. दोन मैल ती खिडकीकडे तोंड फिरवून रडत होती. गिल्बर्टला ते दोन मैल तीन वर्षांहून जड गेले.

मग तिने डोळे पुसले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाडीवानदादा, जोरात घ्या!"

"म्हणजे?" गिल्बर्टने चाचरत विचारलं.

"म्हणजे लग्न करणार. आणि मग जन्मभर तुम्हाला यावरून टोमणे मारणार. एवढ्यावर सुटाल असं वाटलं होतं?"

तो रडला की हसला, त्याचं त्यालाच कळलं नाही. आपलं या बाईवर प्रेम आहे, हे मात्र त्याला लख्ख कळलं.

ग्रेटनाच्या लोहाराने दोन साक्षीदार बोलावले, दोन प्रश्न विचारले आणि ऐरणीवर हातोडा हाणला. लग्न लागलं. त्याच क्षणी दारात चाकं करकरली.

गिल्बर्ट बायकोच्या पुढे उभा राहिला. कर्नल गोळी घालणार असेल, तर ती त्याला छातीवर घ्यायची होती. "आता ती माझी आहे, साहेब!" तो ओरडला.

पिवळ्या गाडीचं दार उघडलं. नखशिखांत धुळीने माखलेली, टोपी कुठेतरी उडून गेलेली फीबी खाली उतरली. भावाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ ऑगस्टापाशी गेली आणि तिचे दोन्ही हात तिने हातात घेतले.

"पेनरिथला मी नऊ दिवस एकटी बसून होते गं," ती म्हणाली. "आज नेमकी सकाळीच शिवायला बसले, तर याची चिठ्ठी हाती लागली. म्हटलं, हा मेला तुला टाकून पळालाच, तर तुझ्याजवळ कुणीतरी असावं."