गुडघ्याचं माप

नरसिंग मिस्त्रीने कारच्या मागे उभं राहून स्वतःचा गुडघा बघितला, त्याच्या खाली चार बोटं मोजली आणि खडूने रेघ ओढली. झालं माप. टेप होता त्याच्या दुकानात, पण खिळ्याला लटकायला. तीस वर्षांत अहमदपूर तालुक्यातल्या निम्म्या ट्रॅक्टरांचे हुक त्याने याच गुडघ्याने जोडले होते. ट्रॅक्टरला गुडघ्याबरोबर, कार बुटकी, म्हणून चार बोटं खाली. त्यात काय एवढं?

हुक हवा होता महादेवीला. एका मास्तरांची जुनी छोटी कार तिने घेतली होती. बचत गटाच्या चौघींनी मिळून शेवयाचं यंत्र बसवलेला दोनचाकी गाडा केला होता, तो या कारला जोडून गावोगाव न्यायचा होता. उन्हाळा लागला की बाया पिठाचे डबे घेऊन शहरात येतात आणि यंत्रापुढे दिवस दिवस रांगेत बसतात. आता यंत्रच त्यांच्या दारात जाणार होतं. उद्या सकाळी सातला पहिलं गाव ठरलेलं. दोन मिस्त्र्यांनी, कारला कुठं हुक असतो का, म्हणून हसून वाटेला लावलं होतं. नरसिंग हसला नाही. जमत नाही असं म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती.

काम देखणं झालं. बंपरला धक्का न लावता त्याने खालून चासीला आडवी पट्टी बोल्टांनी कसली, मधोमध हुक वेल्डिंग केला आणि शेजारी वेल्डिंगनेच दोन अक्षरं उठवली, ‘न. मि.’ ही अक्षरं दिसली की लोक आणखी काही विचारत नसत. स्वतःच्या ट्रॅक्टरचा हुक बदलून घ्यायला आलेला मल्लिनाथ बाजेवर बसून सगळं बघत होता. त्याला नरसिंगने ऐकवलंच, "माझं जोडलेलं आजवर कुणी परत आणलं न्हाई."

गाडा जोडला. कसा सरळ पातळीत उभा राहिला. चौघींत थोरली साखराबाई, तिने हुकाला हळदकुंकू लावलं. मग चौघी आत बसल्या, महादेवीने कार रस्त्याला काढली, आणि शंभर पावलांवरच्या गतिरोधकावर गाड्याच्या नाकाखालचा लोखंडी टेकू असा खरडला, की पानटपरीवरची माणसं माना वळवून बघू लागली.

कार परत आली. स्टेअरिंग हलकं लागतंय, पुढची चाकं उचलल्यासारखी वाटतात, असं महादेवीने सांगितलं. नरसिंग वाकला. बघतो तर कारची मागची बाजू खाली बसलेली आणि गाड्याने नाक जमिनीकडे खुपसलेलं. त्याने चौघींना उतरायला सांगितलं. एकेक जण उतरली तशी कार वर आली आणि गाडा त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा सरळ झाला.

ट्रॅक्टर कधी माणूस बसला म्हणून वाकत नाही. बसणाऱ्याचा हिशेब धरायची त्याला आयुष्यात गरजच पडली नव्हती.

महादेवी हळूच म्हणाली, "मिस्त्री, गाडी मापली तुम्ही. बसणारं मापायचं ऱ्हायलं."

नरसिंगला ते झोंबलं. मल्लिनाथ ऐकत होता, म्हणून जास्तच झोंबलं. टेकू दोन इंच छाटला असता तर आवाज बंद झाला असता आणि बाया खुशाल घरी गेल्या असत्या. ग्राइंडरकडे हात गेलाही. पण भार नाकावरच राहिला असता, आणि उद्या घाटाच्या चढावर कारची पुढची चाकं हलकी झाली असती. मागे अक्षरं त्याची.

त्याने ग्राइंडर उचलला, पट्टी सोडवली आणि स्वतःचाच हुक मुळापासून कापला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मल्लिनाथ बाजेवरून उठून जवळ आला. नरसिंगने त्याच्याकडे बघितलं नाही.

मग त्याने पट्टी परत कसली, चौघींना आत बसवलं, पातेली आणि पिठाचे डबेही ठेवायला लावले. श्वास धरून बसू का, असं साखराबाईने विचारलं. रोज बसता तसं ऐसपैस बसा, असं तो म्हणाला. खिळ्यावरचा टेप काढून त्याने धूळ फुंकली. माप घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. पट्टी सोडवून तीन इंच वर हुक जोडला आणि सगळं जागच्या जागी कसलं.

बाया खाली उतरून, सामान काढून उभ्या होत्या. रिकाम्या कारमागे गाडा आता नाक वर करून उभा राहिला. मल्लिनाथला हसू आवरेना. "मिस्त्री, वाकडं झालं की हे."

"बाया बसू दे," नरसिंग म्हणाला.

डबे आले, पातेली आली. महादेवी बसली, दोघी बसल्या. शेवटी साखराबाई बसली तसं गाड्याचं नाक अलगद खाली आलं आणि बरोबर जागेवर थांबलं. सरळ गाडे नरसिंगने शेकड्याने जोडले होते, माणसं बसल्यावर सरळ होणारा हा पहिलाच. कार निघाली, गतिरोधकावरून गेली. पानटपरीवर कुणी मान वळवली नाही.

मल्लिनाथने ट्रॅक्टर पुढे घेतला, खाली उडी मारली आणि म्हणाला, "चला, लावा आता गुडघा."

नरसिंगने टेप उलगडला.

"आधी वर जाऊन बस."