कुंकवाचा शॉट

कॅमेरावाल्या अविराजनं प्रयागबाईंच्या पदराला बोंडाएवढा माईक लावला. मान वाकवून त्यांनी तो निरखला.

"एवढ्याशातनं आवाज जातो?"

"पार पुण्यापर्यंत, काकू."

"आनि वरकुट्याला?"

"जातो की."

त्यांचा जीव वरकुटे गावातच अडकला होता. तिथल्या जोतीरामतात्यांचा लेक गेला होता. उद्या दहावा. सून रोहिणीचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, असं भावकीनं ठरवलं होतं. ही चाल थांबवा म्हणून चार वर्षं प्रयागबाई पदरचं तिकीट काढून गावोगाव हिंडत होत्या. स्वतः विधवा, पण कपाळावर ठसठशीत कुंकू. सकाळी तात्यांना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "सांजच्याला टीव्हीवर बोलनार म्हनं तुमी. ऐकतो, मग बघू."

बातमीदार निकिता कट्ट्यावर समोर बसली. "काकू, तीस सेकंदांत सांगायचं."

"अगं, तेवढ्यात आमच्या कीर्तनातल्या बुवांचं नमनबी होत न्हाय!"

अविराज खुदकन हसला. प्रयागबाईंनी मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले आणि बोलल्या. चांगलं बोलल्या. जन्मभर कीर्तनं ऐकलेली बाई. शब्दाला तोटा नव्हता. तरी निकिताचं समाधान होईना.

"एक शॉट हवाय. तुम्ही कुंकू लावताय, असा. त्यासाठी आधी आहे ते पुसून घ्या ना."

"पुसू?"

"दोन सेकंद फक्त. लगेच परत लावायचंय. त्याशिवाय बातमी उठणार नाही."

प्रयागबाईंनी पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं. आपलंच कपाळ, आपलाच हात. रोज आंघोळीला पुसलं जातंच की. पण हात भिवईपाशी येऊन थांबला. का थांबला, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. ओल्या टोकातून दोन थेंब मांडीवर पडले.

"न्हाय जमायचं, पोरी. माझं पुसलं तवाबी दोनच सेकंद लागली हुती."

निकितानं हातातला कागद बाजूला ठेवला. "कुणी पुसलं होतं?"

"चुलतसासूनं. मालक गेलेली बाईच लागती त्याला. सवाशिणीनं हात लावायचा न्हाय."

"म्हणजे..." निकिता जरा घुटमळली. पुढचा प्रश्न कागदावर नव्हता, पण तिला राहवलं नाही. "मग नंतर तुम्हालाही बोलावलं असेल?"

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. प्रयागबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आजवर इतक्या गावांत त्या बोलल्या, पण हे कुणी विचारलं नव्हतं. बुवा जगाचे दोष सांगतात तेव्हा मंडळी डोलतात. स्वतःचा सांगायला लागले की टाळकरीही टाळ खाली ठेवतात. हे सांगितलं तर उद्यापासून कोण आपल्याला दारात उभं करील?

"बोलवलं," त्या म्हणाल्या. "तिघींचं पुसलंय मी."

प्रयागबाई आता निकिताशी बोलतच नव्हत्या. थेट कॅमेऱ्यात बघत होत्या.

"तात्या, ऐकताय न्हवं? त्यातली एक तुमची लेक, हिरा. तुमी दाराकडं तोंड करून हुबं हुता, म्हनून तुमी बघितलं न्हाय. मी बघितलं. मला वाटलं हुतं, रडंल, माझा हात धरंल. तसलं काय केलं न्हाय तिनं."

त्या कॅमेऱ्याकडे जरा पुढे झुकल्या.

"तिनं कपाळ म्होरं केलं, तात्या. मला नीट पुसता यावं म्हनून."