डाव्या गालाचे बारा आठवडे

फ्रिजचं दार टक्क करून उघडलं आणि दुपारची सामसूम मोडली. आतल्या खोलीत पाच वर्षांची ठकी झोपली होती. तिची आई दार तसंच धरून, श्वास रोखून उभी राहिली. आतून कूस बदलल्याचा आवाज आला, मग तोही विरला. तिने दाराच्या कप्प्यातून काळपट काचेची इवलीशी बाटली काढली आणि पाय न वाजवता आरशापुढे येऊन बसली.

बाटली आज सकाळीच मिळाली होती. बारा आठवडे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा प्रयोग तिच्या चेहऱ्यावर चालला होता. दोन ट्यूबा दिल्या होत्या, एकीवर ‘डावा’ लिहिलेलं, दुसरीवर ‘उजवा’. एकीत व्हिटॅमिन सी, दुसरीत नुसतंच मलम, आणि कुठलं कशात ते तिलाही माहीत नाही, बाईंनाही नाही. नियम मात्र कडक. डावा हात डाव्या गालाला, उजवा उजव्याला, कुणी नाक ओलांडायचं नाही. तिने तो असा अंगी बाणवून घेतला, की तोंड धुतानाही दोन्ही हात आपापल्या हद्दीत राहायला लागले. नवरा म्हणायचा, “आज मी कुठल्या बायकोशेजारी बसू ते आधी सांग.”

सकाळी बाईंनी बंद पाकीट फोडलं, आतला कागद वाचला आणि म्हणाल्या, “डावा.” मग व्हिटॅमिन सीची ही बाटली हातात ठेवली. “आता दोन्हीकडे लावा. असं अर्धंमुर्धं राहू नका. आणि उन्हात ठेवू नका हं, कापलेल्या सफरचंदासारखं तपकिरी पडतं.”

आरशात ऊन पडद्यातून गाळून आलेलं, पिवळसर, झोपाळू. डावा गाल उजळला होता. त्याच्यावरचा डाग फिका झाला होता आणि डोळ्याच्या कडेच्या तीन रेघा पाण्यावर बोटाने ओढल्यासारख्या दिसत होत्या, आहेत म्हणता म्हणता नसणाऱ्या. उजवीकडे सगळं जिथल्या तिथे होतं.

मांडीवरचा मोबाईल थरथरला. ताई.

“काय गं, कुठला निघाला?”

“डावा,” ती कुजबुजली. “हळू बोल, ठकी झोपलीय.”

“मी म्हटलं नव्हतं? गेल्या वेळी दारातून बघितलं तर मला वाटलं, तू अजून कॉलेजातच आहेस. आणि मग तू वळलीस...”

“वळले तर काय?”

“तर आई.”

तिने मान वळवून उजवा गाल आरशापुढे आणला.

“तुला निदान तिच्या रेघा मिळाल्या,” ताई म्हणाली. “माझ्या वाट्याला तिचं नाक आलं. आणि नाकाबरोबर तिची सर्दी.”

तिला हसू आलं. ते आवरत तिने विचारलं, “लावू का गं उजवीकडे?”

“मला काय विचारतेस? चेहरा तुझा आहे. लाव की.” पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, “आज नको लावूस पण. रविवारी मी येतेय ना. मी येऊन गेले की लाव.”

फोन पालथा ठेवून ती आरशाच्या आणखी जवळ सरकली. मग बाटलीचं झाकण फिरवलं, ड्रॉपरचं रबर दाबलं आणि उजव्या हाताच्या बोटावर एक थेंब घेतला. खोटं कशाला बोला, डावा गाल तिला आवडायला लागला होता. परवाच लिफ्टमध्ये एक पोरगा तिला “ताई, कितवा मजला?” म्हणाला होता. काकू म्हणाला नव्हता. ती दिवसभर गुणगुणत होती.

तिने आरशात बघून हळूच हसून पाहिलं. उजवीकडच्या तिन्ही रेघा उमलल्या. आई अशीच हसायची, ओठांच्या आधी डोळ्यांनी. उन्हात धुळीचे कण तरंगत होते, काचेपलीकडे आणि अलीकडे, आणि क्षणभर तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी शेजारी बसलोय, खांद्याला खांदा लावून, आणि थंडगार थेंब त्या दुसऱ्या कुणाच्या तरी बोटावर आहे.

“आजी उठली?”

ठकी दारात उभी होती. एका हाताने पांघरूण ओढत, डोळे अर्धे मिटलेले. ती आली आणि रोजच्यासारखी उजव्या बाजूनेच मांडीवर चढली. आजी गेली तेव्हा ठकी जन्मायची होती. तिच्या लेखी आजी म्हणजे ह्या तीन रेघा. झोपताना आणि उठल्यावर त्यांच्यावरून बोट फिरवायचं, एवढीच तिची आजीशी ओळख.

तिने बोट फिरवलं. मग आईच्या बोटावरचा थेंब बघितला.

“हे काय आहे?”

“औषध. ह्याने रेघा जातात.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे... हळूहळू पुसट होतात. ही बाजू बघ, कशी झाली.”

ठकीने आईची हनुवटी दोन्ही तळव्यांत धरली आणि चेहरा एकीकडे वळवला. नीट बघितलं. दुसरीकडे वळवला. पुन्हा नीट बघितलं, भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडावा तसं. थेंब बोटावरून ओघळून तळहातात उतरला होता. आईने तो पुसला नाही.

“ह्या बाजूला आजी आहे,” ठकी म्हणाली. मग डाव्या गालावर तिने आपला झोपेने गरम झालेला हात ठेवला. “आणि इकडे कोण आहे?”