बिनआवाजाची गाडी

हाशमनं मधला आरसा खाली वळवला. मागचा रस्ता दिसेनासा झाला आणि रुद्रप्पा शेठचं तोंड दिसू लागलं. मागून येणारे ट्रक त्यानं बाजूच्या आरशांवर सोपवले. त्याला हे तोंड हवं होतं.

कारण हाशम बहिरा होता. जन्माचा नव्हे. रुद्रप्पाच्याच कारखान्यात चादरी विणता विणता झालेला. मागांचा खडखडाट असा, की तिथं बोलायला कोणी आवाज वापरतच नसे. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचे. विडी मागायची ती ओठांनी, शिवी द्यायची तीही ओठांनी. त्यामुळं कान कधी गेले ते हाशमला कळलंसुद्धा नाही. शेजारच्या मागावरच्या येडूचेही गेले. कोणी बोललं नाही. डॉक्टरकडे गेलं की खाडा, आणि खाडा धरला की शेठ दारातूनच परत पाठवणार.

मग कारखानाच बंद झाला. माग भंगारात गेले, जागेचे प्लॉट पडले आणि शेठच्या दारात ही गाडी आली. कामगारांच्या दारात काही आलं नाही.

आज हाशमची परीक्षा होती. कारखान्याचा टेम्पो तो कधीमधी चालवायचा, म्हणून शेठनं निरोप धाडला होता. गाडी नीट चालवली तर ड्रायव्हरची नोकरी. बहिरा आहे हे कळलं तर घरी. आणि घरी बसून आता बरेच दिवस झाले होते. निघताना बायकोनं, अकबरीनं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बजावलं होतं, शेठच्या तोंडावरची नजर हलवायची नाही.

त्यानं हलवली नाही. अक्कलकोट रस्त्यानं कुंभारी आली, गाडी वळवली, परत शहराकडे निघाले, तरी शेठचं तोंड थांबत नव्हतं. आणि हाशमनं त्यातला एक शब्द सोडला नाही. एकदा चार्ज केली की पुण्याला जाऊन परत यायचं, मधे कुठं थांबायचं नाव नाही. बॅटरी सगळी पायाखाली पसरलेली, म्हणून वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. छत अख्खं काचेचं. दाराचे हँडल आपोआप आत जातात, वाऱ्याला अडायला काही राहतच नाही, माशासारखी सुळकन जाते. पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, उचलला की ब्रेक न लावता गाडी मंदावते. शेठनं हे सगळं शोरूममध्ये पाठ केलेलं दिसत होतं. पट्टा मात्र त्यानं लावला नव्हता. पोटावर काचतो म्हणाला.

हाशम घाबरलेला होता. टेम्पोत इंजिन तळपायाला कळायचं, गिअरच्या दांड्यातून हाताला कळायचं. इथं गिअर नाही, इंजिन नाही, थरथर नाही. तळपायही बहिरे झाले. समोरच्या मोठ्या पडद्यावर कोपऱ्यात एक लाल माणूस लुकलुकत होता. नव्या गाडीचं काहीतरी असेल म्हणून हाशमनं तो तसाच राहू दिला.

शेठ पुढं झुकला. आरशात त्याचे ओठ मोठे झाले.

"आवाज म्हनून न्हाय बघ. कानाला काय सुख हाय, हाशम."

"व्हय, मालक," हाशम म्हणाला.

कॉलेजच्या फाटकापाशी शेठची सून पायल उभी होती. ती तिथं शिकवायची. पुढचं दार उघडून ती आत बसली आणि तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. मागं वळून तिनं सासऱ्याला विचारलं. हाशमनं तिचे ओठ बाजूनं वाचले.

"मामा, हे केव्हाचं ठणाणा वाजतंय? पट्टा लावा ना. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

हाशमला कळलं. संपलं. त्यानं आरशात पाहिलं. शेठनं पडद्याकडे पाहिलं नाही, पट्ट्याकडेही नाही. त्याची नजर सुनेच्या ओठांवर खिळली होती. ती बोलायची थांबली तरी क्षणभर तिथंच राहिली. मग शेठ हसला.

"ह्यो हाशम. कवाधरनं सांगतोय, बंद कर, बंद कर. बहिरा हाय का काय कुनाला ठावं."

हाशमनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. निघाल्यापासून त्यानं हे तोंड वाचलं होतं. त्यात असा शब्द आलेला नव्हता. त्याला कारखान्याच्या मधोमध टाकलेली शेठची खुर्ची आठवली. कोणी माग थांबवून टेकू नये म्हणून शेठ दिवसभर तिथं बसायचा. त्याच खडखडाटात. तेवढीच वर्षं.

त्यानं खिशातला रुमाल काढला. घाम पुसला आणि रुमाल तोंडावरच धरून ठेवला. ओठ झाकले गेले. आता नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पायलला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात तो बोलला.

"मालक, मी बहिराच हाय. तुमच्या कारखान्यानं केला. आन् तुमीबी बहिरंच हायसा. ताईस्नी खरं सांगा की."

पायल गर्रकन मागं वळली. हाशमनं मान वर केली. आरशात शेठ त्याच्याकडंच बघत होता. रुमालाकडं, भरून आलेल्या डोळ्यांकडं. मग त्यानं मोठ्या मनानं हात वर केला आणि त्याचे ओठ सावकाश हलले.

"असू दे, असू दे. रडू नको. माफ केलं तुला."