एकदाच लॉगिन

संघर्षने केबिनचं दार लावून घेतलं, तेव्हा कुठे ऑफिसातल्या सत्यभामामावशींनी तोंड उघडलं.

"मले दिसत नाही बाबू. नुसत्या सावल्या दिसतेत. कोनाले सांगू नको."

नवा रायपूरमधल्या त्या सरकारी संचालनालयासाठी संघर्ष एक यंत्रणा बांधत होता. सकाळी आपल्या कॉम्प्युटरवर एकदाच पासवर्ड टाकायचा, की हजेरी, फायली, पगार, रजा, सगळं उघडतं. माणूस उठून गेला की थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप बंद. एका कॉम्प्युटरवर एकच नाव. हे जमलं तर त्याचं कंत्राट वाढणार होतं, नाही तर बूढापारा वस्तीतली भाड्याची खोली सोडून गावी परत.

पण या ऑफिसात पासवर्ड म्हणजे शेजारधर्म. रजेवर जाणारा तो शेजारच्याला सांगून जायचा, घराची किल्ली ठेवावी तसा. मावशींचा पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या भावनाकडे कायमचाच होता. मावशींचं सगळं काम तीच करायची, स्वतःचं सांभाळून, आणि वर चकार शब्द नाही. ती कंत्राटी होती. नवरा प्लांटमधल्या अपघातानंतर घरी पडून, तिच्याच पगारावर चूल पेटायची. इतकं सरळ माणूस ऑफिसात टिकतं कसं, हेच नवल.

"रिटायर व्हाले दोनच वर्षं रायले," मावशी म्हणाल्या. "समजलं त घरी बसवतीन मले."

संघर्षचं मन पाघळलं. त्याने भावनाच्या कॉम्प्युटरला गुपचूप सवलत दिली. तिथे दोघींची नावं चालतील, पासवर्ड न टाकता एकीवरून दुसरीवर जाता येईल आणि स्क्रीन दिवसभर उघडी राहील. ही गोष्ट तिघांतच राहिली.

यंत्रणा चालू झाली. संचालकांनी सर्वांसमोर संघर्षची पाठ थोपटली. आता 'हे मी केलं नाही' असं म्हणायची कोणाची टाप नाही, असं ते हिंदीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. दुपारी भावना दोघींचे डबे गरम करायला कँटीनमध्ये जायची आणि मावशी तिच्या टेबलापाशी बसून राहायच्या. हे रोजचंच झालं.

मग एके दिवशी भावनाचा राजीनामा मंजूर झाला.

तिने तो दिलाच नव्हता. ती केबिनबाहेर रडत उभी राहिली, हातापाया पडली. संचालकांनी संघर्षला बोलावून एवढंच विचारलं, की राजीनामा तिच्याच नावाने, तिच्याच कॉम्प्युटरवरून गेला का. गेला होता. भावना आशेने त्याच्याकडे बघत होती. त्या सवलतीची गोष्ट सांगितली असती तर ती वाचली असती, पण मग तो आणि मावशी दोघंही घरी गेले असते.

"सिस्टम गलत नहीं बताता, सर," तो म्हणाला.

जाताना भावनाने मावशींचे हात हातात घेतले, डोळ्यांत औषध कधी घालायचं ते पुन्हा समजावलं आणि बस पकडायला निघून गेली.

हे कोणी केलं असेल, याचा संघर्षने खूप विचार केला. दुपारी त्या टेबलापाशी मावशींशिवाय कोणी नसायचं, आणि त्या बिचारीला कोण आलं, कोण गेलं, काय कळणार. त्याला दोघींचंही वाईट वाटलं. म्हणूनच मावशींनी गळ घातली तेव्हा त्याला नाही म्हणवेना. रिकाम्या जागेवर त्यांची सून आली तर झाकलेलं झाकलेलंच राहील, असं त्या म्हणाल्या. त्याने संचालकांकडे शब्द टाकला आणि सून रुजू झाली.

पुढे तपासणीचं पथक येणार असल्याची कुणकुण लागली. संघर्षने त्या दुपारच्या नोंदी उघडल्या. मुंगीएवढी अक्षरं. आधी मावशींचं नाव, मग भावनाचं, मग राजीनामा. यावरून त्याने दिलेली सवलत उघडी पडली असती. तो एकेक नोंद पुसू लागला. तेवढ्यात मावशी भिंत चाचपत आत आल्या आणि त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. तो पुसतच राहिला, आणि शेवटी सुटल्यासारखा श्वास टाकून मागे रेलला.

"खालची एक रायली बाबू," मावशी शांतपणे म्हणाल्या. "भावनाच्या नावाची. ते बी पुसून टाक."