मागचा गळा

पाठीच्या मधोमध उठलेला वळ आठ इंच लांब आणि दीड इंच रुंद होता. खालच्या टोकाला पट्ट्याच्या बकलाचा चौकोन उमटला होता. नागरत्नानं आरशाकडे पाठ करून तो टेपनं दोनदा मोजला.

आमटी गार लागली म्हणून सोमवारी तिच्या नवऱ्यानं, शिवराजनं, ताट भिंतीवर फेकलं होतं आणि तिला केस धरून पाडून हात दुखेपर्यंत मारलं होतं. चार वर्षं ती असे वळ झाकायला बंद पाठीचेच ब्लाउज शिवत आली होती. माहेरी संतपूरला फोन केला की अप्पा म्हणायचे, "कुठं काय दिसतंय, बाई? उगं वाढवून सांगायलीस."

भावाच्या लग्नासाठी तिनं मोबाइलवरच्या एका डिझायनर ब्लाउजचा फोटो पुढ्यात ठेवला, जुन्या पेपरवर कटिंग केलं आणि दोन दुपारींत ब्लाउज शिवला. मांडवात ती दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून बसली.

"बुटीकला कामून जायचं? हिनं घरीच शिवलाय," शिवराज पाहुण्यांना फुशारकीनं सांगत होता. "ऊठ की, मागूनबी दाखव."

नागरत्ना उठली, अप्पांकडे पाठ केली आणि पदर सोडला. मागचा गळा नऊ इंच खोल होता. जरीच्या गोटाच्या आत तो काळानिळा वळ बकलासकट बसला होता. अप्पांच्या मुठीतल्या अक्षता खाली सांडल्या.



"आता दिसतंय न्हवं, अप्पा? मी परत नांदायला जात न्हाई."